शंभरावर थांबलेला आकडा

"अगं, हा आकडा हलतच नाही," तक्रारींचं काम पाहणारी माझी सहकारी सहज म्हणाली. बोलण्यात कुरकुर नव्हती, उलट थोडं समाधानच होतं. रोज सकाळी आल्या आल्या ती आमच्या एआय एजंटला (प्रश्न विचारला की स्वतः माहिती शोधून उत्तर देणाऱ्या प्रोग्रामला) एकच प्रश्न विचारायची: किती तक्रारी प्रलंबित आहेत? आणि एजंट रोज अदबीने सांगायचा, सध्या एकूण १०० तक्रारी प्रलंबित आहेत. तीन आठवडे तेच उत्तर. तिने आपल्या परीने त्याचा अर्थ लावला होता: जेवढ्या येतात तेवढ्या निकाली निघतात, म्हणजे काम मार्गी लागलंय. मी तिच्या स्क्रीनवर ती दोन शून्यं पाहिली आणि काळजात धस्स झालं. तो १०० कुठून आला होता हे मला ठाऊक होतं. काही महिन्यांपूर्वी मीच कोडमध्ये लिहिलेली मर्यादा होती ती: एका वेळी जास्तीत जास्त शंभर नोंदी.

टूल, म्हणजे एजंट डेटाबेसातून माहिती आणायला वापरतो तो कोडचा तुकडा, नीट चालत होतं. क्वेरी, म्हणजे डेटाबेसला विचारलेला प्रश्न, बरोबर होती, डेटाबेस ठणठणीत होता, शंभर नोंदी मागितल्या की शंभर नोंदी येत होत्या. एजंटनेही पदरचं काही घातलं नव्हतं. हाती आलं ते त्याने मोजलं आणि सांगितलं. चुकलं होतं ते एका ओळीत. टूलबरोबर एजंटला वाचायला जे वर्णन दिलेलं असतं, त्यात मी एवढंच लिहिलं होतं (मुळात इंग्रजीत, पण मराठीत सांगायचं तर): 'प्रलंबित तक्रारी आणतं.' ते लिहायला मला दहा सेकंदही लागले नसतील. खालच्या कोडला मात्र मी दोन दिवस दिले होते. कुठल्या इंडेक्समुळे क्वेरी वेगाने चालेल, एकाच वेळी दहा जणांनी विचारलं तर काय होईल, सगळं तपासलं होतं. आणि ज्या ओळीवर दुसरं कुणीतरी विसंबून राहणार होतं, ती मी जाता जाता खरडली होती.

एजंटला आपलं कोड दिसत नाही, हे मला माहीत नव्हतं असं नाही. माहीत होतं, पण जाणवलेलं नव्हतं. त्याच्यासमोर येतं ते टूलचं नाव, दोन-चार ओळींचं वर्णन आणि कोणता पॅरामीटर (टूलला पुरवायची माहिती) कोणत्या प्रकारचा द्यायचा याचा आराखडा. नोव्हेंबर २०२४ मध्ये अँथ्रॉपिक या एआय कंपनीने मॉडेल कॉन्टेक्स्ट प्रोटोकॉल, म्हणजे एजंटला टूल जोडायची एक ठरावीक पद्धत, खुला केला, त्यातही टूलची ओळख मुख्यतः याच तीन गोष्टींनी होते. एवढ्यावरून त्याला ठरवायचं असतं की हे टूल आत्ता वापरावं का, वापरलं तर त्यात काय भरावं, आणि जे परत आलं त्याचा अर्थ काय. काल त्याला कुणी तोंडी समजावलं असेल तर ते मुद्दाम कुठे टिपून ठेवल्याशिवाय आज त्याच्याजवळ नसतं. नवा संवाद सुरू झाला की तो तीच ओळ पुन्हा पहिल्यांदा वाचतो. माझी दहा सेकंदांची ओळ त्याने किती वेळा पहिल्यांदा वाचली असेल, हा विचार मला त्या रात्री बराच वेळ सोडत नव्हता.

मग मला मॅडमची वही आठवली.

पहिल्या नोकरीत मी ज्यांच्या हाताखाली होते, त्यांच्या टेबलाच्या खालच्या खणात एक लांबट, जाड पुठ्ठ्याची वही असायची. पुठ्ठ्याचे कोपरे झिजून मऊ झाले होते, पानं सुटू नयेत म्हणून भोवती रबरबँड, आणि उघडली की जुन्या कागदाचा तो कोरडा, थोडासा कुबट वास. आमच्या डेटाबेसातल्या टेबलांचे, म्हणजे माहितीच्या तक्त्यांचे, अर्थ त्या वहीत होते. प्रत्येक पानावर त्यांनी पट्टीने रेघा मारून चार रकाने केले होते: टेबलचं नाव, कॉलमचं नाव, अर्थ, आणि चौथा लाल शाईत, 'काय नाही'. त्या चौथ्या रकान्याचं मला तेव्हा नवल वाटायचं. 'दिनांक' या कॉलमसमोर त्यात लिहिलेलं होतं: अर्ज लिहिल्याचा नव्हे, आपल्याकडे पोहोचल्याचा. 'स्थिती' या कॉलमसमोर: ९ म्हणजे रद्द, मोजायची नाही, पण खोडायचीही नाही, जुन्या अहवालांना लागते. एके ठिकाणी तर फक्त एवढंच: 'हे नाव फसवं आहे. मला विचारा.' मी नवखी होते, सारखी अडायचे. पण मी तोंड उघडायच्या आत त्यांना माझ्या चेहऱ्यावरून कळायचं. खण ओढल्याचा आवाज यायचा आणि वही माझ्याकडे सरकायची.

एजंट कपाळाला आठी घालत नाही. त्याला उलट प्रश्न विचारता येतो, नाही असं नाही; पण बहुतेक वेळा तो विचारत नाही. लिहिलेल्या शब्दांतून जो अर्थ सर्वांत संभवनीय वाटतो तो उचलतो आणि पुढे जातो, आणि तो अर्थ चुकीचा असला तरी उत्तराच्या सुरात फरक पडत नाही. नवख्या माणसाची अडचण दिसायची, म्हणून अपुरं लिहून आमचं भागत होतं. आम्ही वर्षानुवर्षं अर्धंच लिहीत आलो, उरलेलं अर्धं कुणाच्या तरी डोक्यात असायचं, आणि ते डोकं शेजारच्या खुर्चीत बसलेलं असायचं. आता वाचणारा शेजारच्या खुर्चीत नाही.

आपल्या भाषेतला 'परवा' हा शब्द घ्या. 'परवा आलो' म्हटलं की मागचा परवा, 'परवा येईन' म्हटलं की पुढचा. एकाच शब्दाची दोन तोंडं दोन दिशांना, आणि तरी आपला घोटाळा होत नाही, कारण मागोमाग क्रियापद येतं आणि दिशा दाखवतं. कॉलमच्या नावाला क्रियापद नसतं. 'दिनांक' हा नुसता दिनांक असतो. कुणी काय केल्याचा? नोंदवल्याचा, बदलल्याचा, मंजूर झाल्याचा, की पुढे कधीतरी करायच्या गोष्टीचा? 'कालावधी' मिनिटांत की सेकंदांत? वेळ यूटीसीत, म्हणजे भारतापेक्षा साडेपाच तास मागे असलेल्या जागतिक प्रमाणवेळेत, साठवली असेल तर 'कालच्या तक्रारी' मागणाऱ्या माणसाचा काल आणि डेटाबेसचा काल एकाच क्षणी सुरू होत नाहीत. आपल्या मध्यरात्रीपासून पहाटे साडेपाचपर्यंतच्या नोंदी भलत्याच दिवसात जाऊन पडतात, आणि आकडा इतका थोडा चुकतो की कुणाला शंकाही येत नाही. म्हणून मी आता वर्णन लिहायला बसले की आधी प्रत्येक नामासाठी क्रियापद शोधते. 'दिनांक' असं न लिहिता 'तक्रार आमच्याकडे नोंदवली गेली तो दिवस, यूटीसीप्रमाणे' असं लिहिते. वाक्य लांबतं. लांबू दे.

आणि रिकाम्या जागा. या कामातली सर्वांत अवघड गोष्ट मला विचाराल तर ती हीच. आमच्या टेबलात 'बंद केल्याची तारीख' असा कॉलम आहे आणि अनेक नोंदींत तो नल, म्हणजे रिकामा, आहे. नल म्हणजे तक्रार अजून उघडी आहे, असा अर्थ कुणीही काढील, एजंटनेही काढला. पण जुन्या प्रणालीतून आणलेल्या काही हजार नोंदी अशा आहेत की त्या कधीच्याच बंद झाल्या, फक्त कधी झाल्या ते कुणी टिपून ठेवलं नव्हतं. एकाच रिकाम्या चौकटीत 'अजून झालं नाही' आणि 'झालं, पण कधी ते ठाऊक नाही' ही दोन वाक्यं राहतात. त्यात एसक्यूएलची, म्हणजे डेटाबेसला प्रश्न विचारायच्या भाषेची, स्वतःची शिस्त वेगळी. सरासरी काढताना नल गुपचूप वगळला जातो. सगळ्या नोंदी मोजल्या की एक आकडा येतो, एखादा कॉलम धरून मोजल्या की दुसरा, कारण दुसऱ्या मोजणीत नल असलेल्या नोंदी गळतात. दोन्ही उत्तरं आपापल्या जागी बरोबर. हे सगळं जाणणारं माणूस क्वेरी लिहिताना आपोआप सावध होतं. एजंटलाही एसक्यूएल चांगलं येतं, अनेकदा माझ्याहून चांगलं. पण या टेबलातल्या या रिकामेपणाचा इतिहास त्याला कुठून कळणार? तो जगात फक्त आमच्या चार लोकांना ठाऊक आहे.

खरं तर हे लिहायला जागा फार पूर्वीपासून आहे. संगणकशास्त्रज्ञ ई. एफ. कॉड यांनी १९७० मध्ये रिलेशनल मॉडेल, म्हणजे डेटा टेबलांच्या रूपात ठेवायची रीत, मांडलं, आणि १९८५ मध्ये रिलेशनल म्हणवणाऱ्या डेटाबेसला कसोटी लावणारे नियम प्रसिद्ध केले. त्यातला चौथा नियम मला फार आवडतो: डेटाबेसचं स्वतःचं वर्णन हेही डेटासारखंच साठवलेलं असावं, आणि ज्या भाषेत डेटा विचारता येतो त्याच भाषेत ते विचारता यावं. कॉड यांच्या मनात होती ती टेबलांची, कॉलमांची यादी, त्यांच्यामागची कहाणी नव्हे. पण आजच्या डेटाबेस प्रणालींपैकी पोस्टग्रेसमध्ये, ओरॅकलमध्ये कॉलमवर टिप्पणी लिहून ठेवायची आज्ञा आहे, मायएसक्यूएलमध्ये टेबल बनवतानाच प्रत्येक कॉलमपुढे ती लिहिता येते. मॅडमच्या वहीतला लाल रकाना डेटाबेसच्या पोटातच ठेवायची सोय होती. मी ज्या ज्या डेटाबेसांवर काम केलं, त्यांतल्या बहुतेकांत ती जागा कोरी सापडली. आमच्याही. ती कोरी राहिली यात माझा वाटा आहे, आणि आता दर आठवड्याला वेळ काढून मी एकेक टेबल भरत जाते. एकेका कॉलमसाठी जुन्या लोकांना फोन करावे लागतात. 'ते होय, ते आम्ही एका घाईत घातलं होतं,' असं ऐकू येतं आणि पाठोपाठ एक लांब गोष्ट सुरू होते. त्या गोष्टीतली दीड ओळ टिप्पणीत जाते. बाकीची मी ऐकून घेते.

कॉलेजात तर्कशास्त्राच्या तासाला शिकलेली एक गोष्ट या कामात अवचित हाताशी आली. न्यायदर्शनात एखाद्या वस्तूचं लक्षण, म्हणजे व्याख्या, सांगताना तीन दोष टाळायला सांगतात: अतिव्याप्ती, अव्याप्ती आणि असंभव. गाय म्हणजे शिंगं असलेला प्राणी म्हणावं, तर म्हैसही आत येते. गाय म्हणजे पिंगट रंगाचा प्राणी म्हणावं, तर पांढरी गाय बाहेर राहते. आणि गाय म्हणजे एकसंध खुराचा प्राणी म्हणावं, तर एकही गाय सापडत नाही, कारण गाईचे खूर दुभंगलेलेच असतात. तेव्हा परीक्षेपुरतं पाठ केलं होतं. परवा मी आमच्या अठरा टूलांची वर्णनं समोर घेऊन बसले आणि ते तिन्ही दोष एकेक करून तिथे सापडत गेले. एका टूलचं वर्णन 'ग्राहक शोधतं', दुसऱ्याचं 'ग्राहकाची माहिती देतं'. एजंट कधी हे उचलायचा, कधी ते, आणि आम्ही त्याच्या लहरीपणाला बोल लावत होतो. ही अतिव्याप्ती. तिसऱ्यात लिहिलेलं 'नावावरून शोधतं', प्रत्यक्षात ते नोंदणी क्रमांकही घेत होतं. एजंट मात्र क्रमांक दिला की 'मला क्रमांकावरून शोधता येत नाही' म्हणून हात जोडायचा. ही अव्याप्ती. आणि एका टूलमधून एक पॅरामीटर आम्ही कधीच काढून टाकला होता, वर्णनात तो अजून होता. एजंट प्रत्येक वेळी तो भरायचा आणि प्रत्येक वेळी त्याच्यावर एरर फेकली जायची. हा असंभव, आणि मला वाटतं सर्वांत जास्त पसरणारा दोष हाच, कारण कोड बदलताना वर्णन बदलायची आठवण कुणालाच राहत नाही.

लक्षण म्हणजे असाधारण धर्म, असं शिकवायचे. जे यातच आहे आणि दुसऱ्यात नाही, ते. 'ग्राहक शोधतं' हे आता असं झालंय: 'नाव किंवा नोंदणी क्रमांकाचा काही भाग माहीत असताना जुळणाऱ्या ग्राहकांची यादी देतं. ग्राहकाचा आयडी आधीच हाती असेल तर हे वापरू नये. त्यासाठी ग्राहक-तपशील टूल आहे.' दुसऱ्या टूलच्या वर्णनात याचा आरसा लावलाय. हे लिहिताना दोन्ही वाक्यं शेजारी ठेवून मी मोठ्याने वाचली, तेव्हा कळलं की मला स्वतःलाही त्या दोघांतला फरक आजवर इतक्या स्वच्छ शब्दांत सांगता आला नव्हता.

एररचे संदेश हेही वर्णनच असतात, हे मला उशिरा उमगलं. 'अवैध इनपुट' एवढंच म्हटलं की एजंट तीच चूक थोडी इकडे-तिकडे करून पुन्हा पाठवतो, मग पुन्हा. 'तारीख वर्ष-महिना-दिवस या क्रमाने द्या. मिळालेल्या मजकुरात महिना १३ आहे' असं म्हटलं की पुढच्याच फेरीत तो स्वतःला सुधारतो. याहून दगा देणारी गोष्ट म्हणजे रिकामं उत्तर. एकही नोंद आली नाही, याचा अर्थ तसा माणूसच नाही, की नावाचं स्पेलिंग चुकलं, की बघायची परवानगी नाही? पोस्टग्रेसमध्ये नोंदीनिहाय परवानग्या लावल्या तर वाचताना न दिसणाऱ्या नोंदी आवाज न करता गाळल्या जातात, एरर येत नाही. एजंट शांतपणे सांगतो, असा कुणी ग्राहक नाही. कुणाच्या तरी असण्याचाच प्रश्न असा निकालात निघतो. आता आमचं टूल रिकाम्या हाताने परत येताना काय शोधलं, कुठल्या मर्यादेत शोधलं, तेही सांगतं.

एक गोष्ट मात्र ठामपणे म्हणायला हवी. वर्णन हे कुलूप नव्हे. 'या टूलने काहीही खोडू नये' असं मी कितीही ठळक लिहिलं तरी ती विनंतीच राहते. खोडता येऊ नये असं वाटत असेल तर डेटाबेसमध्ये त्या एजंटच्या खात्याला फक्त वाचण्याचा अधिकार द्यायचा, बस. मॉडेल कॉन्टेक्स्ट प्रोटोकॉलमध्ये 'हे टूल फक्त वाचतं' असं सांगायची खूण आहे, पण तिच्या नावातच ती सूचक असल्याचं म्हटलंय, हमी म्हणून तिच्याकडे बघू नये. शिवाय तक्रारीच्या मजकुरात कुणी मुद्दाम 'आधीच्या सगळ्या सूचना विसर' असं लिहून ठेवलं तर तेही एजंटच्या वाचनात येतंच. शब्दांवर माझं प्रेम आहे, म्हणूनच त्यांच्यावर राखणीचं काम टाकू नये असं मला वाटतं.

मग सगळंच लिहून टाकावं का? तसंही जमत नाही. प्रत्येक टूलचं वर्णन एजंटच्या वाचनात दर वेळी जागा अडवतं, आणि अठरा टूलांची पानभर पुराणं समोर ठेवली तर कामाचं वाक्य त्यात बुडून जातं. मी सुरुवातीला अपराधी वाटून फार लिहिलं. एका वर्णनात तर टेबलाचा जन्मापासूनचा इतिहास घातला. उत्तरं सुधारली नाहीत, काही बिघडलीच. मग वीस प्रश्न निवडले, ज्यांची उत्तरं आम्हाला हाताने काढून पक्की माहीत होती, आणि वर्णनातलं एकेक वाक्य बदलून तेच वीस प्रश्न पुन्हा पुन्हा विचारत गेले. कुठलं वाक्य काढलं तरी काही बिघडत नाही आणि कुठलं काढलं की लगेच पाय घसरतो, हे असं बसून बघायचं काम मला कंटाळवाणं वाटेल अशी भीती होती. उलट मी त्यात रमले. टिकून राहिलेल्या वाक्यांत निम्म्याहून जास्त वाक्यं 'काय नाही' सांगणारी होती. मॅडमना हे दाखवायला हवं होतं. त्या निवृत्त झाल्या तेव्हा वही कुठे गेली, हे मी कधी विचारलंच नाही.

तक्रारींचं वर्णन मी सर्वांत शेवटी लिहिलं. चारदा खोडलं. आता ते असं आहे: 'प्रलंबित तक्रारींची यादी देतं, नवीन आधी, एका वेळी जास्तीत जास्त १००. यादीची लांबी म्हणजे एकूण संख्या नव्हे. एकूण संख्या उत्तरातल्या "एकूण" या खान्यात असते. "आणखी आहेत" हा खाना खरा असेल तर पुढचं पान मागावं.' ते दोन खाने आधी नव्हतेच, ते कोडमध्येही घालावे लागले. नुसतं वर्णन नीट करायला बसलं तरी असं होतं: लिहिता लिहिता टूलच अपुरं आहे हे दिसतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी सहकारीने नेहमीचा प्रश्न विचारला. उत्तर आलं: १६३. ती काही क्षण गप्प राहिली. मग तिच्या जे लक्षात आलं ते माझ्याही लक्षात आधी आलं नव्हतं. "नवीन आधी," ती म्हणाली, "म्हणजे वरून एक नवी आली की खालून एक जुनी गळत होती?" होय, तसंच होत होतं. ती रोज त्या शंभरांतूनच काम करत होती. उरलेल्या त्रेसष्ट सर्वांत जुन्या होत्या, आणि जितक्या जुन्या होत तितक्या नजरेआड जात होत्या.

आम्ही दोघींनी मिळून शेवटचं पान मागितलं. सर्वांत खालची तक्रार लहान होती. नोंदीत आपलं आडनाव चुकीचं लागलंय, त्यामुळे पुढची कामं अडलीत, एवढंच म्हणणं. त्याच माणसाने आठ दिवसांनी पुन्हा लिहिलं होतं, ती नोंद तिच्या जरा वर होती: 'माझा आधीचा अर्ज तुमच्यापर्यंत पोहोचला का, एवढं तरी कळवावं.' सहकारीने ते दोनदा वाचलं. मग माझ्याकडे न बघता तिने फोन जवळ ओढला आणि नंबर फिरवला. मी तिच्या खुर्चीमागे उभी राहिले. पलीकडे बराच वेळ रिंग वाजत होती.